ताणून बघणारी माणसं

खर्र... खर्र... घाटकोपरच्या आमच्या चाळीत वडिलांचा ट्रान्झिस्टर असा खरखरायचा. स्टेशन लागेना की वडील त्याला थापट मारायचे, आणि मध्येच गाणं सुरू व्हायचं. आत नेमकं काय आहे, हे मला तेव्हा फार बघायचं होतं. शाळा लवकर सुटली, बघायचं राहिलं. आता म्हातारपणी अंधेरीतल्या एका छोट्या लॅबमध्ये छपाईच्या जाळ्या धुतो, चहा करतो, आणि तिथे रोज ट्रान्झिस्टर छापतात! रेडिओ नव्हे हां, त्याच्या पोटातला बारीक भाग. तोही रबरासारखा ताणला जाणारा. अशा ठिकाणी किस्से जमवावे लागत नाहीत. कप विसळेपर्यंत दोन-तीन साचतात.

छपाई मला नवीन नाही. कुर्ल्याला टी-शर्ट छापण्यात जन्म गेला. पण हे चालतं कसं? प्राजक्ताला विचारलं. ती इथली मुख्य.

"काका, स्नायू हलायला निघाला की कातडीवर कणभर वीज येते. ही छापलेली पट्टी ती तिथल्या तिथे मोठी करते. कातडी ताणली तरी पट्टी तुटत नाही."

"पण कोणासाठी एवढं?"

"बाबांसाठी."

तिच्या वडिलांना अर्धांगवायू झालाय. उजवा हात गेला, वाचा गेली. म्हणाली, "हात हलवायचा प्रयत्न करतात की सोडून दिलंय त्यांनी, एवढं कळलं तरी पुरे."

*

इथे सगळ्यांना ताणून बघायची खोड. मशीनवर सावियो असतो, मरोळच्या गावठाणातला. हा डब्यातली चपातीसुद्धा दोन्ही हातांनी हळूहळू ओढतो.

"अरे, खा ना!" प्राजक्ता ओरडली.

"थांब गं, भेग कुठून जाते ते बघू दे."

संध्याकाळी त्याच्या मम्मीचा फोन. चपाती कशी होती? हा म्हणाला, "उभी झकास ताणली, आडवी वाट लागली!"

दुसऱ्या दिवशी डब्यात नुसता भात. वर निरोप, "आता हा ताण!"

*

सगळ्या ऑफिसांत घाम येऊ नये म्हणून एसी लावतात. आमच्याकडे घाम यावा म्हणून माणूस गच्चीवर पाठवतात. घामात पट्टी टिकते का, ते बघायला. सावियो दंडाला पट्टी लावून भर दुपारी वर उठाबशा काढत होता. वॉचमनने पाहिलं, गुपचूप पाण्याची बाटली नेऊन दिली. खाली येऊन मला म्हणतो, "काका, मॅडम दिसायला किती गरीब वाटतात हो!"

*

सावियोची कातडी तरणी, घट्ट. तिच्यावर पट्टी छान चालायची. पण बाबांची कातडी म्हातारी, सैल. प्राजक्ताची नजर माझ्या कोपरावर गेली.

"काका, हात द्या ना तुमचा."

सत्तरीनंतर माझ्या सुरकुत्यांना मागणी आली! पट्टी लावली आणि म्हणाली, उद्यापर्यंत काढू नका. मी शब्द पाळला. पण घरी बायकोने पाहिलं, "हे कसलं लेबल राहिलंय अंगाला?" आणि पाठ घासायच्या दगडाने घासून काढलं.

सकाळी मान खाली घालून सांगितलं. वाटलं, चिडेल. तर प्राजक्ताचे डोळे चमकले. "काकूंनी किती घासल्यावर निघाली?"

तेव्हापासून आमच्याकडे प्रत्येक नव्या पट्टीची 'काकू टेस्ट' होते. दगड बायकोनेच दिलाय.

*

काकू टेस्ट पास झालेली पहिली पट्टी घेऊन आम्ही तिघं प्राजक्ताच्या घरी गेलो, भांडुपला. तिचे बाबा खुर्चीत होते. एके काळचे कॅरमचे पट्टीचे खेळाडू. उजवा हात उशीवर ठेवलेला. आई शेजारी.

"अहो, पाहुणे आलेत, जरा इकडे बघा तरी! दिवसभर आपलं भिंतीकडे," आई म्हणाल्या. मग आमच्याकडे वळून, "यांना करायचंच नाहीये हो काही. रोज घसा कोरडा करते मी. मनावर घेतलं असतं तर एव्हाना बोट हललं असतं."

प्राजक्ताने त्या हातावर पट्टी चिकटवली, वायर लॅपटॉपला जोडली. लॅपटॉपवर सरळ रेघ.

"बघ. सांगते ना मी," आई म्हणाल्या. तरी रोजच्या सवयीने ओरडल्याच, "अहो, मारा स्ट्रायकर!"

रेघ उडाली.

बोट जागेवरच होतं. सावियो म्हणाला, "वायर हलली असेल." वायर दाबली, पट्टी दाबली. "आंटी, आता कोणी काही बोलू नका." रेघ सरळ. बराच वेळ सरळ. "हं, आता बोला."

"मारा स्ट्रायकर."

रेघ उडाली. बोट तसंच.

"परत."

या वेळी त्या अगदी हळू म्हणाल्या, "मारा."

रेघ पहिल्यापेक्षा उंच गेली. बाबांच्या कपाळावर घाम आला होता.

आईंनी स्क्रीनकडे पाहिलं, मग त्या बोटाकडे. वाकून हाताखालची उशी सारखी केली. आणि आत निघून गेल्या.