कॅसेटवरची चिकटपट्टी

निवृत्त झाल्यापासून आमच्या बाबांना जुन्या गाण्यांचा भलताच पुळका आलाय. पॉप, डिस्को, ते संथ सॅक्सोफोनवालं जॅझ. सकाळपासून फोन कोकलत असतो. वर मित्रांना ऐकवतात, "आमचं घर म्हणजे गाण्यांचं घर!" हे ऐकलं की माझ्या तळपायाची आग मस्तकात जाते. या घरात गाणारं माणूस एकच होतं, बाबांची धाकटी बहीण, माझी आत्या.

आत्या शाळेचे गणवेश शिवणाऱ्या कारखान्यात कापड बेतते, कापते. तरुणपणी एका ऑर्केस्ट्राने तिच्याकडे आवाजाचा नमुना मागितला होता. दार लावून, रेडिओवरच्या डिस्को गाण्यांच्या जोडीने गात तिने एक कॅसेट भरली. मग कॅसेटच्या पाठीवरच्या दोन छोट्या खुट्ट्या मोडल्या. त्या मोडल्या की तिथे भोकं पडतात आणि कॅसेटवर नवं काही रेकॉर्ड होत नाही. ऑर्केस्ट्रावाल्यांनी ती लावली, तर आतून बाबांचा आवाज! नोकरीच्या मुलाखतीची उजळणी. सगळे फिदीफिदी हसले. आत्या घरी आली ती पुन्हा गायलीच नाही. "चुकून झालं," एवढंच बाबांचं म्हणणं.

परवा बाबांनी मित्र जमवले आणि आत्याला फर्मान सोडलं, "तुझ्याकडच्या जुन्या कॅसेट काढ गं. खरी मजा त्यातच."

विसरले होते. साफ विसरले होते!

आत्याने मुकाट्याने एकच आणली आणि लावली. गाण्याची सुरुवातीची धून वाजली, आता आत्या गाणार तेवढ्यात खट्ट झालं, आणि तरुण बाबा बोलू लागले, "सर, मी अत्यंत प्रामाणिक आणि शिस्तप्रिय आहे."

मित्र पोट धरून हसले. बाबाही हसले. "अरे, चुकून तेव्हा..."

आत्याने कॅसेट काढून त्यांच्या नाकासमोर धरली. "खुट्ट्या मोडल्या होत्या, दादा. भोकांवर ही चिकटपट्टी लावल्याशिवाय तुझा एक शब्द आत गेला नसता. कात्रीने कापून नीट बसवलीयेस. चुकून?"

हसणं थांबलं.

"तेव्हा आपली आई मला म्हणाली, त्याला नोकरी लागू दे, मग बोल. नोकरी लागली, संपलीही. आता बोलते."

"स्टेजवर पाठवायचं होतं का तुला, चारचौघांत?" बाबा उसळले. मग मित्रांकडे बघून आवाज खाली आणला. "आणि एवढं काय त्यात? हल्ली सगळं फोनवर मिळतं." त्यांनी तेच गाणं शोधून लावलंसुद्धा. तीच धून, मग कुणा परक्या बाईचा आवाज.

आत्याने ते पूर्ण ऐकून घेतलं.

"यात मी कुठे आहे?" ती म्हणाली. "दाखव."