रांजणखळग्यांचे पाहुणे

कुणी फिरकत नाही अशा ऑफिसात एवढे किस्से कसे साठले, असं मित्र विचारतात. अहो, दुसरं साठायला तिथं होतं काय!

बहात्तरच्या दुष्काळाआधी मी परदेशात पर्यटन शिकून परतलो आणि पारनेर तालुक्यात, कुकडीच्या पात्रातल्या रांजणखळग्यांपाशी माहिती केंद्र उघडलं. पाण्यानं खडकात कोरलेले ते खोल खोल रांजण पाहायला जग लोटणार, याची मला खात्री होती. नगरच्या साहेबांना मात्र नव्हती. "पुढच्या मार्चपर्यंत हे व्हिजिटर्स रजिस्टर भरलं नाही, तर केंद्र बंद!"

पहिला माणूस नवव्या दिवशी आला. मी त्याला खुर्ची दिली. खडक, प्रवाह, भोवरे, सगळं नकाशावर समजावलं. त्यानं शांतपणे ऐकून घेतलं.

"म्हंजी पारनेरची यष्टी गेली म्हना की!"

*

एकदा माहितीपत्रकं आणायला नगरला गेलो आणि नेमकं तेव्हाच जीपमधून परदेशी जोडपं आलं. आमचे शिपाई भागूजीतात्या यांनी त्यांना चहा पाजला, बाजरीची भाकरी खाऊ घातली आणि मातीत काठीनं रेघा ओढून वेरूळचा रस्ता दाखवला!

"अहो तात्या, ते आपल्याकडे आले होते!"

"येवढ्या लांबून आल्ते बिचारे. हितल्या दगडांत त्यांचा दिस कशाला मोडायचा?"

*

जिनिव्हाच्या मैत्रिणीनं पत्रात विचारलं, 'सीझन कसा आहे?' मी कळवलं, 'निवांत.' तिचं उत्तर आलं, 'नशीबवान आहेस! इथं गर्दीनं जीव नकोसा झालाय.'

ते पत्र मी तात्यांना मोठ्यानं वाचून दाखवलं. दोनदा.

*

मग पाऊसच पडला नाही. नदी आटली आणि केंद्रासाठी मी कधीपासून मागत होतो तो रस्ता दुष्काळी कामातून मंजूर झाला!

पहिल्याच सकाळी दारात ही रांग! मी धावत बाहेर आलो, हात जोडले, "या, या!" एकेक जण टेबलापाशी येई, स्टॅम्पपॅडवर अंगठा दाबी, रजिस्टरवर उठवी आणि पुढे सरके. बरीच पानं भरल्यावर एका बाईनं विचारलं, "सायेब, हजेरी झाली. आता घमेली कुनाकडं?"

हजेरीचं मस्टर शेजारच्या झोपडीत होतं.

*

मार्चमध्ये साहेब तपासणीला आले. पानं उलटून खूश! "वा! एवढे पर्यटक?"

मागून तात्या माझा सदरा ओढत होते. तरी मी खरं ते सांगून टाकलं. आठवड्यात केंद्र बंद करायचा कागद आला.

तात्या म्हणाले, "सायेब, येवढं शिकून आलात, पर गप बसायचं कुनी शिकवलंच न्हाई व्हय तुमाला?"

*

शेवटच्या दिवशी मी एकटाच बोर्ड उतरवत होतो. रस्त्यावर खडी फोडणाऱ्या सरूबाई जेवणाच्या सुट्टीत आल्या. सहा कोसांवरून कामाला आलेल्या, पण मान वर करून बघायला सवड कुठली!

"ल्येका, तुजं ते बघायचं ऱ्हायलंच की. दाव बरं."

मी त्यांना पात्रात नेलं. एका कोरड्या रांजणाच्या काठावर त्या बसल्या, हात आत घालून गुळगुळीत खडक चाचपत राहिल्या.

"हे पान्यानं क्येलं?"

"पाण्यानंच. हजारो वर्षं लागली."

"येवढं पानी हुतं व्हय हितं!" पदरानं तोंड पुसत त्यांनी रिकाम्या पात्रावरून नजर फिरवली. "आन् तवा कोन आलं हुतं रं बघाया?"