साबराचा चीक

सोलापूर मागे पडलं आणि कुंभारीच्या वाटेवर साबराची (निवडुंगाची) कुंपणं दिसू लागली. पुरुषभर उंच, तीनधारी, काटेरी. माझी मैत्रीण सुनंदा इकडे शाळेत शिकवते. तिच्या ओळखीच्या पार्वतीबाईंकडे, शेतावर आम्ही जेवायला निघालो होतो.

कडक भाकरी आणि शेंगाचटणी वाढताना पार्वतीबाई साबराचे गुण सांगत होत्या. "जनावर आत शिरत न्हाय. गळवाला फांदी भाजून बांधायची, चामखिळीला चीक लावायचा. दारावर टांगली की इडापिडा टळती." त्यांची सून रेणुका आत बाळाला पाजत होती.

मला मोह झाला. निघताना कुंडीत लावायला म्हणून मी एक फांदी मोडली. पांढरा चीक हातावर उडाला. तेवढ्यात डोळ्यांत घाम उतरला आणि मी त्याच हातानं डोळे चोळले.

निखारे ठेवल्यासारखी आग झाली. पापण्या मिटल्या त्या उघडेचनात.

"चोळू नका!" पार्वतीबाई ओरडल्या. मला बाजेवर निजवून त्यांनी घागरीमागून घागर डोळ्यांवर ओतली.

"सुनंदा, मला दिसत नाही गं!"

मग पार्वतीबाईंनी हाक मारली, "रेणुका, बाळाला खाली ठेव. ये हितं. दूध पीळ ह्यांच्या डोळ्यात."

मी हादरले. नको म्हणेपर्यंत कोणीतरी माझ्या पापण्या उघडल्या आणि कोमट धार आत पडली. आत बाळ रडत होतं.

सोलापुरात डॉक्टरांनी डोळे पुन्हा धुतले. "लगेच पाणी ओतलं म्हणून वाचलात," ते म्हणाले. "दूध मात्र घालू नये." पुढचे दिवस मी सुनंदाच्या घरी पट्टी बांधून काढले. कायमचं आंधळेपण येणार, या धास्तीनं झोप लागत नव्हती.

दिसायला लागल्यावर घरी परतण्याआधी कुंभारीला गेले. रेणुका उंबऱ्यात बसली होती. तिचा चेहरा मी आत्ता प्रथमच पाहत होते. तिचा डावा डोळा सगळा पांढरा होता.

"ल्हानपणी शेळ्या राखताना चीक गेला," ती म्हणाली. "रानात कुणी न्हवतं. पाणीबी न्हवतं."

मी तिच्या शेजारी टेकले.

"तुमाला दिसतंय न्हवं?" तिनं विचारलं.

मी मान हलवली. ती समाधानानं हसली.

परतीच्या गाडीत मी खिडकीबाहेर बघतच राहिले. माळ, बाभळी, ज्वारीची धाटं, सगळं लख्ख दिसत होतं. त्याचा आनंद मानावा की नुसतं गप्प बसावं, हेच मला कळेना.