चूल कुठं होती?

माझा मुलगा निमलष्करी दलात भरती झाला, तेव्हा मी त्याला एवढंच सांगितलं होतं, की झडतीला कुणाच्या घरात शिरलास तर शिजल्या अन्नाला आणि पिठाला पाय लावू नको. बाकी बंदुकीतलं मला काय कळतंय? शाळेत मी गेलेच नाही. अक्षरं शिकले तीसुद्धा या पोराच्या पाटीवर, त्याच्याबरोबर. पण झडती म्हणजे काय, ते मला पक्कं ठाऊक आहे.

आम्ही खर्ड्याकडचे. निम्मं वर्ष ऊसतोडीला बाहेर. एका वर्षी आमची टोळी गोदावरीच्या बाजूला उतरली होती. तिथं कुणाची तरी पाण्याची मोटर गेली आणि गावाला पहिली आठवण आमच्या कोप्यांची झाली. पाचटाच्या झोपड्या त्या, ना दार ना कडी. चार-पाच जण आले आणि आठ दिवसांचं दळण मातीत ओतून बघितलं. पिठाच्या डब्यात मोटर मावती का? पण विचारायचं कुणी? मी ते पीठ वरवर उचललं, चाळलं, भाकरी थापल्या. पोरगा सहा वर्षांचा होता. एक घास खाल्ला आणि म्हणाला, "आई, कचकच लागती." पुढं मोटर त्या मालकाच्याच विहिरीत सापडली, दोर तुटून पडली होती. ते सांगायलाही कोणी आलं नाही. आम्हाला फडात कुणाकडून तरी कळलं.

तर हा पोरगा. गेली काही वर्षं तिकडं जंगलात आहे, नक्षल्यांच्या मुलखात. गावात कुणी भेटलं की विचारतात, "काय म्हणतोय जवान? किती टिपले?" दुकानात, एसटीत, लग्नात. मी म्हणते, तो राखणीला गेलाय, टिपायला नाही. मग ते हसतात, म्हातारीला कळत नाही म्हणून. मला राखण चांगली कळते. ज्वारी राखायला मी लहानपणापासून माळ्यावर उभी राहिलेय. गोफणीचा दगड असा मारायचा असतो, की पाखरू उडावं आणि कणीस मोडू नये. तरीपण मोडतंच हो मधूनमधून. पण हे दुकानात उभं राहून कितीदा सांगायचं? आता मी नुसतं "बरा हाय" म्हणते आणि पिशवी उचलते.

फोनवर आम्ही दोघं जेवणाचं बोलतो. काय खाल्लं, भाजी कुठली होती, डाळ पातळ होती का. तो बंदुकीचं सांगत नाही, मी विचारत नाही. गेल्या वर्षी असाच दुपारी फोन आला. मी सुपात मटकी घेऊन निवडत होते.

"आई, एक विचारू? चाळीस माणसांना तांदूळ किती लागतो?"

"का रं? तिकडंच दुसरं लगीन काढलंस का? सुनबाईला सांगू?"

तो हसला नाही. मग म्हणाला, सकाळी एका पाड्यावर गेलो होतो. कडेचं घर, एकटी बाई, काखेत मूल. आणि दोन मोठी पातेली भरून भात, शेजारी पानांच्या पत्रावळींचा ढीग. साहेब म्हणतात, एवढा भात जंगलातल्यांसाठीच. तिला इथं तळावर आणून झाडाखाली बसवलीय. तिची बोली कुणाला येत नाही. ज्याला येते, तो दुसऱ्या तुकडीबरोबर लांब गेलाय. संध्याकाळच्या आत गाडी येईल आणि तिला पुढं नेतील.

"पुढं म्हंजे कुठं?"

"मोठ्या ठाण्याला. एकदा तिकडं गेली की कधी सुटंल ते सांगता येत न्हाई, आई. मूल अंगावर पितंय अजून."

मी हातातलं सूप खाली ठेवलं.

"चूल कुठं होती?"

"काय?"

"अरं, भात शिजवला ती चूल. घरात का भाईर?"

"अंगणात. लांब चर खणलेला."

"आणि धूर?"

"धूर बघूनच तर गेलो आमी."

"मग येड्या, डोकं चालव की. चोरून जेवू घालणारी बाई घरात शिजवंल, कवाड लावून. अंगणात चर खणून, सगळ्या मुलखाला धूर दाखवून कोण शिजवतंय? तिच्याकडं लगीन हाय, न्हाईतर कुणीतरी गेलंय. रडती का ती?"

"न्हाई. गप बसलीय."

"मग गेलंच असंल कुणीतरी. लग्नघरातली बाई एवढी गप बसत न्हाई, तिनं तुमाला शिव्या घातल्या असत्या. तिकडची रीत मला ठाऊक न्हाई बाबा. पण चूल चूलच असती."

मग म्हणाला, "मी साधा जवान. साहेबाला काय सांगू? माझी आई असं म्हणती?"

"सांग की. आईचं नाव घ्यायला लाज वाटती व्हय?"

"सगळे हसतील."

"हसू दे. तुला लहानपणी काय कमी हसलेत?"

आणि फोन कटला. परत लावला तर लागेना. त्यानंतर बरेच दिवस लागला नाही. मी फोन कमरेच्या पिशवीत घालून हिंडायची. टीव्हीवर तिकडची बातमी आली की सुनबाई आवाज बारीक करायची आणि म्हणायची, "आत्या, दोन घास खाऊन घ्या." मला पोराचा घोर होताच. पण खरं सांगते, घास उचलला की झाडाखालची ती बाई डोळ्यांपुढं यायची. गाडी आली का? नेली का तिला? हे विचारायचं तरी कुणाला?

सुगीच्या दिवसांत तो सुट्टीवर आला. दोन दिवस नुसता झोपला. तिसऱ्या दिवशी मी भाकरी करत होते, तर चुलीपाशी येऊन बसला आणि आपणच सुरुवात केली.

साहेबाला त्यानं सांगितलं होतं. बरोबरचे हसले, "आईचा हुकूम आला का?" म्हणाले. साहेब हसला नाही. "तुझी आई काय करते?" म्हणून विचारलं. "ऊस तोडायची," हा म्हणाला. साहेबानं जरा विचार केला आणि गाडी यायच्या आत चौघांना पाड्यावर परत धाडलं, बघून या म्हणून. घरामागं ताजी माती उकरलेली होती, वर दगड रचलेले. पाड्यावरच्या एका म्हाताऱ्याला थोडं हिंदी येत होतं. तो म्हणाला, तिचा सासरा. जेवण त्याच्यासाठी होतं, लोक तुम्हाला बघून पळाले.

"मग सोडली तिला?"

"सोडली. मीच पोचवायला गेलो. सगळी वाट माझ्याकडं बघितलं न्हाई तिनं."

"आणि भात?"

तो चुलीत काटकी सारत बसला. "भात सांडला होता, आई. खाली काय पुरलंय का ते बघायला पातेली पालथी केली आम्ही." मग म्हणाला, "पहिलं मीच केलं. पायानं."

तव्यावरची भाकरी करपली. बोलण्यासारखं होतं ते भरतीच्या वेळी बोलून झालं होतं.

"नंतर आमच्या वाट्याच्या तांदळातली एक गोणी तिच्या अंगणात ठिवून आलो," तो म्हणाला, जरा उजळून. "तिनं घरात न्हाई घेतली. मी सुट्टीवर निघालो तवाबी तशीच पडून हुती."

"कशी घेईल रं? तुमचा तांदूळ तिच्या घरात दिसला, तर जंगलातले विचारणार न्हाईत तिला? सकाळी तुमी धरून न्हेली, सांजच्याला सोडली, आणि वर तांदूळ दिला. अडकवलीस ना तिला परत."

त्यानं माझ्याकडं बघितलं, सहा वर्षांचा असताना बघायचा तसं. "मग काय करायचं हुतं, आई?"

मी चुलीतली लाकडं मागं ओढली. सुट्टी संपवून परत जाताच सगळ्यात आधी त्यानं ती गोणी उचलून आणली, एवढंच झालं. पोरगा चांगला, साहेब चांगला, मी चांगली, आणि त्या बाईच्या अंगणात आमच्यातल्या कुणाचंही काही असून चालत नाही.

आता फोनवर आमचं बोलणं थोडं बदललंय. काय जेवलास, हे विचारून झालं की मी विचारते, "धूर दिसला का?" त्याचा पहारा असतो तिथून पाड्यावरचं तिचं कडेचं घर लांबवर दिसतं.

"दिसला."

"केवढा?"

"बारीक. रोजचाच. दोघांपुरता."

तेवढ्यावर मी फोन ठेवते आणि भाजी फोडणीला टाकते. दुसऱ्या दिवशी परत विचारायचंच असतं.