हात कुणाचा, ते आधी सांगा

आमच्या डोंबिवलीच्या स्टुडिओवाल्या काकूंकडे वारलेल्या माणसाचा फोटो आला, की आकार, चौकट, कधीपर्यंत हवा, यांतलं काहीच त्या आधी विचारत नसत. चष्मा कपाळावर चढवत, फोटो डोळ्यांच्या अगदी जवळ नेत आणि म्हणत, “हा काढला, त्याच्या जरा आधी काय झालं होतं?” समोरचा माणूस रडून दमलेला असे. नातेवाइकांचे फोन, गुरुजींची यादी, पंगतीची व्यवस्था यांतून वेळ काढून आलेला असे. त्याला हा प्रश्न विचित्र वाटे. काहींना रागही येई. पण उत्तर मिळाल्याशिवाय काकू कामाला हात लावत नसत.

ज्यांच्या घरी अशी वेळ येऊन गेली आहे, त्यांना हे ठाऊक असेल. माणूस गेलं की तेराव्याच्या आत हार घालायला फोटो लागतो, आणि नेमकं तेव्हा कळतं की आपल्या माणसाचा एकट्याचा असा फोटोच नाही. असतो तो सहलीतला, बारशातला, कुणाच्या तरी हळदीतला; त्यातही आपलं माणूस मागच्या रांगेत, अर्धं झाकलेलं. त्या गर्दीतून त्याला एकट्याला बाहेर काढून देण्याचं काम काकू करत. काका फोटो काढत, आणि बारीक ब्रश आणि पेन्सिल घेऊन डाग पुसण्याचं, कडा सावरण्याचं काम पहिल्यापासून काकूंकडे असे. काका गेले, पाठोपाठ कॉम्प्युटर आला, तेव्हा पन्नाशी उलटलेल्या काकूंनी तेच काम माउसवर नव्याने शिकून घेतलं. पाटीवर मात्र काकांचंच नाव राहिलं.

आम्हा दोघा भावांच्या मुंजी, दहावीच्या अर्जांवरचे फोटो, लग्न ठरवताना मुलीकडे पाठवायचे फोटो, सगळं त्याच दुकानात झालं. पुढे मी ठाण्याला राहायला गेलो, तरी डोंबिवलीला काही कामानिमित्त आलो की पाच मिनिटं तिथे टेकत असे. त्यामुळे काकूंचं काम मी पुष्कळ वेळा जवळून पाहिलं. एकदा मानपाड्याचे एक गृहस्थ वडिलांचा फोटो घेऊन आले होते. म्हातारबाबा बनियनवर, भाताच्या पेंढ्यांशेजारी उभे. कॉम्प्युटरमध्ये तयार कोट असतात आणि ते कुणाच्याही अंगावर चढवता येतात, हे त्या गृहस्थांना माहीत होतं. “कोट घाला ना काकू, माजा बापूस साहेबासारका दिसंल,” ते म्हणाले.

“कधी घातला होता का त्यांनी?”

“नाय कवा.”

“मग बापूस साहेबासारखा दिसायला हवा, की बापसासारखा?”

गृहस्थ फोटोकडे बघून त्या दुःखातही हसले. “रावदे. घरान कोन वलखनार नाय.” काकूंनी बनियनच ठेवलं, फक्त ते स्वच्छ केलं.

दुसरा प्रसंग आठवला की मला आजही आश्चर्य वाटतं. एक मुलगी आईचा फोटो घेऊन आली. घरातल्या वाढदिवसाच्या त्या फोटोत केकभोवती सगळे होते आणि आई मागे स्वयंपाकघराच्या दारात, अर्धा चेहरा दाराच्या आड. यापेक्षा बरा फोटो घरात नव्हता. “काय घेऊन येत होती?” काकूंनी विचारलं. मुलीला आठवेना, मग अचानक म्हणाली, “काही आणत नव्हती. सगळ्यांनी फोटोत ये म्हणून हाका मारल्या आणि ती केस सारखे करत होती.” काकूंनी मान डोलावली. दिसणारी बाजू उलटी करून दुसरीकडे लावली की चेहरा पुरा होतो, पण तो आरशातला परका चेहरा होतो, असं त्यांनी मला नंतर समजावलं. त्यांनी त्या मुलीला स्टुलावर बसवलं, तिचा तसाच फोटो काढला आणि आईच्या लपलेल्या बाजूसाठी तिचा गाल, तिची भुवई घेतली. तीन दिवसांनी मुलीने तो फोटो पाहिला आणि काकूंचे दोन्ही हात धरले.

गर्दीतून माणूस वेगळं काढताना आणखी एक अडचण येते. त्याच्या खांद्यावर बहुधा दुसऱ्या कुणाचा तरी हात असतो. बाजूचा माणूस कापला गेला तरी पाच बोटं मागे उरतात. लोक म्हणत, “तेवढा हात काढून टाका.” काकू काढत, पण त्याआधी म्हणत, “हात कुणाचा, ते आधी सांगा.” बहिणीचा, मेहुण्याचा, शाळेतल्या मित्राचा, असं काहीतरी उत्तर येई. त्या ते ऐकून घेत आणि मगच माउस हातात धरत.

हाच प्रश्न आठ वर्षांपूर्वी त्यांनी मला विचारला आणि मी खोटं बोललो.

आई गेल्यानंतर आमचे वडील, अण्णा, ठाण्याला माझ्याकडे राहायला आले होते. घर मोठं, स्वतंत्र खोली, खाली बाग. चार महिन्यांत ते दिवा स्टेशनजवळ दादाकडे निघून गेले. दादाच्या दोन खोल्या, तिसरा मजला, लिफ्ट नाही. तरी ते तिथे रमले, हे मला सहन झालं नाही. दादाने त्यांना वळवलं, असं मी ठरवून टाकलं आणि त्याच्याशी बोलणं थांबवलं. आज तटस्थपणे विचार करतो तेव्हा कळतं, की माझ्या घरात अण्णांना काहीही कमी नव्हतं, फक्त बोलायला कुणी नव्हतं. तीन वर्षांनी ते गेले. जागा मोठी म्हणून तेरावा माझ्याकडे करायचं ठरलं आणि फोटोचं काम मी मागून घेतलं.

फोटो शोधताना मी दादाने पाठवलेले, पण मी कधीच न उघडलेले संदेश उघडले. त्यात अण्णांचा एक फोटो होता. दादा त्यांना श्रवणबेळगोळला घेऊन गेला होता, तिथला. मागे कातळ, वर लख्ख आकाश आणि कमरेपर्यंत दिसणारे अण्णा, मनापासून हसणारे. तसं हसताना मी त्यांना माझ्या घरी एकदाही पाहिलं नव्हतं. शेजारी दादा होता. त्याचा हात अण्णांच्या डाव्या खांद्यावर होता.

काकूंनी फोटो पाहिला. “आधी काय झालं होतं?”

“बसमधून उतरले होते, चहा झाला होता,” मी सुचेल ते सांगितलं.

“आणि हा हात कुणाचा?”

“बसमधल्या कुणाचा तरी. ओळखीचा नाही.” दादाचा चेहरा मी घरीच फोनवर कापून आलो होतो.

काकूंनी फोटोतल्या हाताकडे पाहिलं, मग काचेच्या काउंटरवर टेकलेल्या माझ्या हाताकडे पाहिलं. चष्मा पदराला पुसला. “बरं. काढते,” एवढंच म्हणाल्या.

तेराव्याला दादा फोटोसमोर बराच वेळ उभा राहिला. त्या खांद्यावर आपला हात होता, हे त्याच्याइतकं कुणाला ठाऊक असणार? जाताना तो माझ्याजवळ आला. “फोटो चांगला झालाय,” म्हणाला आणि जिना उतरून गेला. त्या आवाजात राग असता तर मला बरं वाटलं असतं.

दोन वर्षांपूर्वी पितृपक्षात मी तो फोटो पुसायला खाली काढला. खिडकीतल्या उजेडात धरला, तेव्हा सहा वर्षांत पहिल्यांदा मला दिसलं, की अण्णांच्या सदऱ्याचा डावा खांदा दबलेला आहे. हात नव्हता, पण हाताच्या वजनाने कापडाला पडलेली घडी तशीच होती. काकूंच्या हातून अशी चूक होणं शक्य नव्हतं. मी फोटो खाली ठेवला आणि तसाच डोंबिवलीला गेलो.

“काकू, हात परत बसवता येईल का?”

“येईल की. जुनं सगळं ठेवलंय.” मग म्हणाल्या, “तुमच्या भावाचा ना? तेव्हाच ओळखला होता. करंगळी तुमच्यासारखीच वाकडी आहे.”

“मग बोलला का नाहीत?”

“तेरा दिवसांच्या आत आलेल्या माणसाचं खोटं मी पकडून दाखवत नाही. त्याला तेव्हा तेवढंच सुचत असतं. म्हणून हात काढला. पण खांदा त्या हातानेच तसा झाला होता, तो कशाला बदलू?” त्यांनी समोरची ऑर्डरची वही मिटली. “आता मात्र खरं सांगा. हा काढला त्याच्या आधी काय झालं होतं?”

मला माहीत नव्हतं. ज्याला माहीत होतं तो दिव्याला राहत होता.

तिसरा मजला चढताना मी दोनदा थांबलो. दादाने दार उघडलं, मला पाहिलं आणि आत पंखा लावला. मी फोटोबद्दल बोललो. क्षमा मागितली, ती नीट मागता आली नाही. त्याने ते सगळं ऐकलं आणि मला फोटोची गोष्ट सांगितली. तिथे टेकडी चपला-बूट काढून चढावी लागते, मोजे चालतात. दगड तापले होते. अर्ध्या वाटेत अण्णा बसले, तेव्हा दादाने आपले मोजे काढून त्यांच्या पायांत चढवले. एका मोज्याला भोक होतं आणि अण्णांचा अंगठा बाहेर आला. “त्या अंगठ्याला हसत होते ते,” दादा म्हणाला. “बसमधल्या एकाला म्हणाले, असाच काढा, लवकर, आमच्या धाकट्याला पाठवायचाय.”

मी खाली पाहत होतो.

“रात्रभर विचारत होते, बघितला का त्याने? मी म्हटलं, बघितला. आवडला म्हणाला.”

तो अण्णांशी माझ्यासाठी खोटं बोलला होता आणि मी काकूंशी त्याला पुसण्यासाठी. हे मी तेव्हा बोललो नाही. आज लिहितो आहे.

काकूंनी ती गोष्ट ऐकली तेव्हा त्या फोटोकडे नाही, माझ्याकडे पाहत होत्या. न कापलेला मूळ फोटो मी त्यांना फोनमधून दिला. आठवड्याभरात त्यांनी दोन प्रती केल्या, दोन्हींत दादा अख्खा होता. एक मी ठाण्याला लावली. दुसरी दिव्याला नेली; तिथे दादाने स्टुलावर चढून खिळा ठोकला, मी चौकट वर दिली. चहा झाला आणि मी परतलो. पण फोटो भिंतीवर लागला म्हणून आम्ही दोघे बोलायला लागलो, असं झालं नाही. सणाला एक संदेश, दरवर्षीच्या श्राद्धाला माझ्या घरी भेट. इतकी वर्षं न बोललेली माणसं कशावरून बोलणं काढणार, हे आम्हा दोघांनाही कळत नव्हतं.

गेल्या दिवाळीनंतर काकूंनी दुकान बंद केलं. डोळे साथ देईनासे झाले. आता त्या मानपाड्याला मुलीकडे असतात. परवा दुपारी भेटायला गेलो. तिथेही शेजारची एक बाई मोबाइलवर कुणाचा तरी फोटो दाखवायला आली होती, आणि दिसत नसतानाही काकू तिला तोच प्रश्न विचारत होत्या. ती गेल्यावर माझ्याकडे वळल्या.

“भावाकडची प्रत लावलीत कुठे?”

“बाहेरच्या खोलीत.”

“ते झालं. भिंत कुठली? ऊन येतं का त्यावर? उन्हाने आधी लाल रंग जातो, मग माणूस निळा दिसायला लागतो.”

उन्हाचं मला सांगता येईना. मी त्या घरी त्यानंतर गेलोच नव्हतो.

“विचारा की मग,” काकू म्हणाल्या. “फोन हातातच आहे.”

मी दादाला फोन लावला. त्याने लगेच उचलला. “काय झालं? बरे आहात ना सगळे?”

“हो, हो. अण्णांच्या फोटोवर ऊन येतं का, विचारायचं होतं.”

“ऊन?” त्याने विचारलं. मग म्हणाला, “थांब, बघतो.” खुर्ची सरकल्याचा आवाज आला. “आत्ता नाही. चारनंतर येत असेल, तेव्हा मी घरी नसतो. का रे?”

“काकू म्हणतात, रंग उडेल.”

“मग समोरच्या भिंतीवर घ्यायला हवा. मला एकट्याला नाही जमणार.”

काकू डोळे मिटून ऐकत होत्या. मी म्हणालो, “रविवारी येऊ का?”

“ये,” दादा म्हणाला. “सकाळीच ये पण. अकराला पाणी जातं, त्याच्या आत स्वयंपाक करून ठेवतो.”