अर्धापूरहून युगांडा: आईने भरलेली बॅग

युगांडाला निघालेय म्हटल्यावर लातूरच्या आमच्या शाळेतल्या बायांचा पहिला प्रश्न होता, "सफारी का?" मी हो म्हटलं नाही की नाही म्हटलं नाही. माझा धाकटा भाऊ शिवा तिथल्या मातीत आहे, ही काही मधल्या सुट्टीत चहा पिता पिता सांगायची गोष्ट नव्हे.

अर्धापूरला आमचं केळीचं रान आहे. त्यातच वाढलेला शिवा तिकडच्या एका केळीच्या मळ्यावर सुपरवायझर म्हणून गेला होता. तीन वर्षांपूर्वी त्याला ताप आला. साधा ताप समजून त्याने तो अंगावर काढला आणि तो मलेरिया निघाला. त्याला इकडे आणायची कागदपत्रं काही जुळेनात, तेव्हा मळ्यावरच्या माणसांनीच त्याला तिथे पुरलं. आम्ही लिंगायत, आमच्यातही पुरतातच. वडिलांची समाधी आमच्या रानात, बांधालगत आहे. पण आईला एकच गोष्ट खात होती. "घरच्याची मूठमाती न्हाई, कपाळाला इभूत न्हाई. परक्यावाणी गेला गं लेकरू," एवढंच ती पुन्हापुन्हा म्हणायची. शेवटी ठरवलं, दिवाळीच्या सुट्टीत दोघींनी जायचं.

आता जाणाऱ्यांसाठी कामाचं सांगते. पासपोर्टला आधी लागा. आमचा नांदेडला झाला, पण आईच्या आधार कार्डावर एक जन्मतारीख आणि दुसऱ्या कागदावर दुसरी, त्यात दोन महिने गेले. "कोणती खरी, आजी?" असं तिथल्या माणसाने विचारलं, तर आई म्हणाली, "ज्वारी काढणीला आली होती, एवढं म्हाईत हाय." व्हिसा ऑनलाइन मिळतो, तो भाचीने भरून दिला. खरी मेख आहे ती पिवळ्या तापाच्या लसीची. ती निघण्याच्या किमान दहा दिवस आधी घ्यावी लागते, आणि तिचं पिवळं कार्ड नसेल तर तिकडे आत घेत नाहीत. ती गल्लीतल्या दवाखान्यात मिळत नाही, ठरावीक केंद्रांवरच मिळते. आम्ही नांदेडहून रेल्वेने मुंबई गाठली. तिकिटं आधी काढून लस नंतर घ्यायचा शहाणपणा आम्ही केला. तुम्ही करू नका.

डॉक्टरीण बाई चांगल्या होत्या. आईचं वय बघितलं, हृदयाच्या गोळ्यांची चिठ्ठी बघितली आणि पेन खाली ठेवलं. "आजी, या वयात ही लस पहिल्यांदा घेणं धोक्याचं असतं. मी देणार नाही."

आई मला म्हणाली, "सुमे, त्यांना सांग, मेले तर मला त्याच्याच शेजारी ठेवा."

"तिथवर पोचणारच नाही तुम्ही," डॉक्टरीण बाई हळू आवाजात म्हणाल्या. "जे व्हायचं ते इथंच होईल."

लस मला एकटीला मिळाली. परतीच्या गाडीत आई खिडकीकडे तोंड करून बसली ती परभणी येईपर्यंत. तिचा पासपोर्ट माझ्याच पर्समध्ये होता, कोरा करकरीत.

मग राहिली बॅग. पूर्ण बाह्यांचे, फिक्या रंगाचे सुती कपडे घ्या, डासांचं मलम घ्या. मलेरियाच्या गोळ्या डॉक्टर सांगतील तशा निघायच्या आधीपासून घ्यायच्या आणि परतल्यावरही चालू ठेवायच्या, बरं वाटतंय म्हणून सोडायच्या नाहीत. शिवाने यातलं काहीच केलं नव्हतं. डास काय आपल्याकडे नाहीत का, म्हणायचा. मला त्याचा अजून राग येतो. इतका येतो की गोळ्यांचं पाकीट बॅगेत ठेवताना मी ते आपटलंच.

निघायच्या आठवडाभर आधी अर्धापूरला बॅग पुन्हा लावायला घेतली, तर शेंगदाण्याच्या चटणीचा डबा भलताच जड लागला. वर दोन बोटं चटणी, खाली प्लास्टिकचा कागद आणि कागदाखाली काळी माती. वडिलांच्या समाधीजवळची.

"आई, हे काय?"

"माती हाय. त्याला द्यायची राहिलीय ती."

"नेता येत नाही. काढून टाकतील."

"चटणीखाली कोन बघतंय?"

"मी बघतेय ना. तिथल्या लोकांचं पोट केळीवर आहे, आई. आपल्या मातीतून काही गेलं आणि त्यांच्या बांधावर बादली नसली, तर?"

बादलीचं सांगते. केळीचा मर रोग मातीतून येतो आणि बुटाला चिकटून रानोरान फिरतो. त्याचं ऐकल्यापासून आईने बांधावर औषधाच्या पाण्याची बादली ठेवली आहे. तिथे पाय धुतल्याशिवाय आमच्या रानात कुणाला पाऊल टाकता येत नाही. व्यापारी असो, तलाठी असो, माझा नवरा म्हणजे घरचा जावई, त्यालाही तिने पँट वर करायला लावली होती. आणि तीच बाई आता चटणीखाली माती लपवून बसली होती.

"माझी माती रोगाची म्हनून राहिलीस तू," ती म्हणाली. मला फार वाईट वाटलं, पण मी डबा सोडला नाही. थोड्या वेळाने तिनेच तो माझ्या हातातून घेतला आणि जिथली माती तिथे नेऊन ओतली. त्या दिवशी आम्ही दोघी नीट जेवलो नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी बघते तर आईने अंगणात गोवऱ्या रचलेल्या. आमच्याच गाईच्या शेणाच्या. दिवसभर त्या धुमसत ठेवल्या, पांढरी राख झाल्यावर धुवट लुगड्याच्या फडक्यातून तीन वेळा गाळली आणि छोट्या स्टीलच्या डबीत भरली. "गाय आपल्याच रानातला चारा खाती," ती म्हणाली. "अन् आगीतून निघाल्यावर रोग ऱ्हात न्हाई. ही तर न्हेशील?"

डबी मी पर्समध्ये ठेवली. लपवली नाही.

युगांडात एंटेबीच्या विमानतळावर पासपोर्टच्या आधी पिवळं कार्ड बघितलं. पुढे एका अधिकाऱ्याने डबी उघडायला लावली आणि हे काय म्हणून विचारलं. मला इंग्रजी सुचेना. मी बोट बुडवून तीन पट्टे स्वतःच्या कपाळावर ओढले आणि मोडक्या इंग्रजीत म्हणाले, "माझ्या भावासाठी. तो इथं पुरलाय." त्याने झाकण नीट दाबून लावलं आणि दोन्ही हातांनी डबी परत दिली.

तिथून मळा गाडीने सहा तासांवर. रस्ता चांगला आहे, गाडी आधी ठरवून घ्या. दुतर्फा केळीच केळी आणि माती मात्र लालभडक. वाटेत मटोके खाल्लं, म्हणजे कच्ची केळी पानात बांधून वाफवून घोटलेली, वर शेंगदाण्याचं कालवण. मीठ कमी होतं. पण शेंगदाण्याचा वास आला आणि मला आईची चटणी आठवली.

मळ्याच्या फाटकावर शिवाबरोबर काम करणारा जोसेफ उभा होता. त्याने नमस्कार केला आणि आधी माझ्या पायांकडे बोट दाखवलं. फाटकाशी बादली होती. पांढरट पाण्याची, शेजारी ब्रश.

"बूट धुवा, ताई," तो म्हणाला. ताई हा शब्द शिवाने शिकवलेला. "ही शिवाची बादली. तो मालकालाही सोडत नव्हता."

मी खाली बसून बूट घासले आणि घासता घासता खूप रडले. जोसेफ दुसरीकडे बघत उभा राहिला.

शिवाच्या समाधीवर दगड रचलेले होते, गवत काढलेलं होतं. मी अनवाणी गेले, सगळी विभूती शिवाला वाहिली आणि आई आली नाही त्याचं कारण त्याला मोठ्याने सांगितलं. येताना तिथली माती घेतली नाही. बूटही जोसेफला देऊन टाकले.

अर्धापूरला पोचले तेव्हा सकाळ होती, आई रानात होती. बांधावर आईने मला थांबवलं आणि बादली ओढली. पाय धुताना मी तिला शिवाच्या बादलीचं सांगितलं. ती माझे पाय चोळत राहिली. मग माझ्या अंगठ्यापाशी तिचा हात थांबला. इतकं धुऊनही नखाच्या कडेला लाल रेघ राहिली होती.

तिने काडीने ती माती अलगद काढली. तळहातावर जेमतेम तिळाएवढी. बराच वेळ बघितली. मला वाटलं, ही आता पदराला बांधणार, आणि मी काही बोलणार नव्हते. पण ती उठली, घरी गेली, चुलीतल्या निखाऱ्यावर ती ठेवली आणि वर चहाचं आधण चढवलं.

चहा झाला, चूल विझली. आईने चिमूटभर राख घेतली आणि पुन्हा रानात गेली. मी मागे होते. वडिलांच्या समाधीवर ती राख लावून तिने डोक्यावरचा पदर सारखा केला.

"आवं," ती म्हणाली, "शिवा आलाय बघा."