भावोजींचं राज्य

माझे भावोजी, म्हणजे थोरल्या ताईचे यजमान, पूर्वी बस डेपोत गाड्यांच्या घोषणा करायचे. आवाज भारदस्त, डोक्याबद्दल न बोललेलं बरं. त्या आवाजावर त्यांना एका इंग्रजी मालिकेच्या मराठी डबिंगचं काम मिळालं. किल्ले, तलवारी, ड्रॅगन आणि जन्मात अंघोळ न केलेले सरदार, अशी ती मालिका. भावोजी तिच्यातले म्हातारे महाराज झाले.

झालं! आधीच मर्कट, त्यात मुकुट मिळाला. जेवताना म्हणत, "मीठ सादर करा." ताई म्हणायची, "हात आहेत ना, की तेही युद्धात गेले?"

मालिका मूळ एका जाडजूड कादंबरीवरून निघाली होती. भावोजींनी ती उशाला घेतली, उघडली मात्र नाही. मालिका चालली तशी ती काढणाऱ्या कंपनीला हाव सुटली. मालिकेवरून व्हिडिओ गेम निघाला, गेमवरून पत्ते, पत्त्यांवरून कार्टून, आणि मग पोट दाबलं की गर्जना करणारा बाहुला. पिळलेलं लिंबू पुन्हा पुन्हा पिळायचं आणि वर सरबत म्हणून विकायचं!

गेमसाठी त्यांना काचेच्या खोलीत उभं करून नुसतं मरायला लावलं. रेकॉर्डिंगवाला सांगायचा, "आता बाण लागून. आता बुरुजावरून पडून. आता जरा जळून द्या ना, काका." घसा फोडून घरी आले आणि ताईला म्हणाले, "आज राजासारखा मेलो."

"मग आता गप्प पडा," ताई म्हणाली आणि गुळण्यांना गरम पाणी ठेवलं.

पुढे कंपनीने महाराजांच्या तरुणपणाची नवी मालिका काढली. म्हातारा विकून झाला, आता त्याचं बारसंही विकतील. भावोजी कडक इस्त्रीचा शर्ट घालून गेले. दिग्दर्शिका म्हणाली, "काका, यात महाराज विशीतले आहेत, तो आवाज दुसऱ्याला दिलाय. पण ड्रॅगन झोपेत घोरतो. तेवढं कराल?"

मला वाटलं, ताडकन उठून येतील. कसलं काय! हो म्हणून आले.

"भावोजी, काही वाटलं नाही तुम्हाला?"

"अरे, राजे येतात नि मरतात. ड्रॅगन कंपनीच्या पुढच्या सिनेमातही आहे!"

ताई म्हणाली, "मी इतकी वर्षं हेच फुकट ऐकलं."

पहिला भाग लागला तेव्हा सगळे टीव्हीसमोर बसलो. ड्रॅगन आला, पाय पसरून झोपला, आणि नगारे-तुताऱ्यांचा असा गदारोळ सुरू झाला की घोरणं औषधालाही ऐकू येईना. भावोजी कान पुढे करून म्हणत होते, "आता, आता..." ताईने टीव्हीचा आवाज वाढवला. नगारेच मोठे झाले. ड्रॅगन जागा होऊन उडूनही गेला.

तेव्हा भावोजींनी डोळे मिटले, मान मागे टाकली आणि खुर्चीतल्या खुर्चीत आम्हाला ते सगळं घोरून दाखवलं.